मालवाहू विमानांचे वैमानिक : काम तेच, पगार वेगळे. मग युनियन एकच का नको?

रात्रपाळी_सिनसिनाटी
माझा मावसभाऊ इथे अमेरिकेत एका कंत्राटी मालवाहू कंपनीत बोइंग ७६७ वर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. संध्याकाळी मुलांना जेवू घालून निघतो, सकाळी परत येतो आणि खिडकीला काळा कागद चिकटवून झोपतो. फेडेक्स आणि यूपीएस या बड्या कुरिअर कंपन्याही हेच विमान उडवतात. तिथल्या फर्स्ट ऑफिसरचा पगार त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त. परवाना तोच, रात्र तीच.
माझ्या मते दोष विखुरलेल्या युनियनचा. फेडेक्सचे वैमानिक अल्पात, म्हणजे एअर लाइन पायलट्स असोसिएशनमध्ये. यूपीएसच्या वैमानिकांची स्वतंत्र युनियन, आयपीए. कंत्राटी कंपन्यांत कुठे अल्पा, कुठे टीमस्टर्स ही ट्रकचालकांची म्हणून ओळखली जाणारी मोठी युनियन. सगळ्या कार्गोवाल्यांनी एका छत्राखाली यायला हवं.

हिशेबी_माणूस
पटलं नाही. फेडेक्स-यूपीएस ग्राहकाकडून थेट पैसे घेतात. कंत्राटी कंपनी विमान आणि वैमानिक भाड्याने देते. तिने दर वाढवला की गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीकडे. युनियनचा बिल्ला बदलून पैसा कुठून येणार? आणि आयपीए एकाच कंपनीपुरती आहे, तरी तिचा करार चांगल्या करारांत मोजला जातो.

रात्रपाळी_सिनसिनाटी
गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, हेच तर मी म्हणतोय! तिथेही तीच युनियन आणि तेच दर असतील तर जाणार कुठे? फेडेक्सवाल्यांचीही मध्यंतरी स्वतःची वेगळी युनियन होती. २००२ मध्ये त्यांनीच ती अल्पात विलीन केली.

मुलुंडचा_शेजारी
छत्र एक केलं तरी सीनिऑरिटीच्या, म्हणजे सेवाज्येष्ठतेच्या यादीचं काय? वैमानिकाचं सगळं त्या यादीवर चालतं : कुठलं विमान, कुठला तळ, दिवाळीची रजा. आपल्याकडे २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या, युनियन मात्र दोनच राहिल्या. २०११ मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक समान वेतनासाठी संपावर गेले. २०१२ मध्ये ड्रीमलायनर या नव्या विमानाच्या प्रशिक्षणावरून मूळच्या एअर इंडियाचे वैमानिक गेले, तो संप ५८ दिवस चालला. मालक एक असून ही गत.

सुनीता_डॅलस
मुलुंडकर, तुमचं उदाहरण मला उलटं दिसतं. दोन युनियन होत्या म्हणूनच ते एकमेकांविरुद्ध उभे राहिले.
पण एका छत्राने सगळं सुटतं असंही नाही. अ‍ॅटलस एअर या मालवाहू कंपनीने २०१६ मध्ये सदर्न एअर ही दुसरी मालवाहू कंपनी घेतली. दोन्हीकडचे वैमानिक टीमस्टर्समध्येच होते. तरी कंपनीने जुन्या करारांतल्या, वाद लवादाकडे नेणाऱ्या विलीनीकरणाच्या कलमावर बोट ठेवलं, युनियन कोर्टात हरली आणि २०२१ मध्ये नवा करार लवादाने ठरवला. वैमानिकांना त्यावर मत देता आलं नाही. उलट फेडेक्समध्ये २०२३ ला ३० टक्के पगारवाढीच्या कराराचा मसुदा वैमानिकांनी ५७ टक्के मतांनी फेटाळला. माझ्या लेखी खरी ताकद नाही म्हणता येण्यात आहे. संपाची वाट तर विमान कंपन्यांनाही लागू असलेल्या १९२६ च्या रेल्वे कामगार कायद्याने फारच लांबची केलेली आहे : आधी मध्यस्थी, सरकारी मध्यस्थी मंडळाने मोकळं केलं की ३० दिवस थांबा, मग संप.
आणि सगळे पगारावरच का बोलताय? प्रवासी वैमानिकांसाठी विश्रांतीचे कडक नियम जानेवारी २०१४ पासून लागू झाले, मालवाहूंना त्यातून वगळलं. त्याच्या काही महिने आधी, १४ ऑगस्ट २०१३ ला, लुइव्हिलहून निघालेलं यूपीएसचं एअरबस ए३०० विमान पहाटे अलाबामातल्या बर्मिंगहॅमला उतरताना कोसळलं, दोघेही वैमानिक गेले. कॉकपिटच्या रेकॉर्डरवर त्या दोघांचं याच नियमांबद्दलचं बोलणं आहे, सुरक्षेची पातळी सगळ्यांना एकच हवी असं. ते ज्या युनियनमध्ये होते ती आयपीए या सवलतीविरुद्ध कोर्टात लढत होती.

हिशेबी_माणूस
विश्रांतीच्या नियमावर मी पूर्ण तुमच्या बाजूने. तिथे नफ्याचा प्रश्न यायलाच नको, आणि त्यासाठी सगळ्या युनियननी एकत्र वॉशिंग्टनला जावं. पगाराचं माझं म्हणणं मात्र तेच.

रात्रपाळी_सिनसिनाटी
सुनीताताई, भावाला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. बर्मिंगहॅमचं त्याला माहीत होतं. म्हणाला, पहाटे चारला डोळे सगळ्यात जड होतात, आणि तेव्हाच उतरायचं असतं.