मदत हवी आहे: ईयू फोरमध्ये बहमनी घेतलंय, लढाया जिंकतोय पण राज्य बुडतंय

सिडकोचा_सुलतान (नाशिक)

युरोपा युनिव्हर्सॅलिस फोर (ईयू फोर), हा इतिहासातलं एखादं राज्य चालवायचा कॉम्प्युटर गेम, नवीनच सुरू केलाय. आपल्या इकडचं राज्य म्हणून बहमनी निवडलं. सुरुवात नेहमीची, ११ नोव्हेंबर १४४४. आता खेळात १४५८ चालू आहे आणि स्थिती अशी:

विजयनगरकडून सहा प्रांत आणि खानदेशाकडून दोन. आठांचं डेव्हलपमेंट (प्रांताच्या समृद्धीचा आकडा) मिळून १०८. ओव्हरएक्स्टेन्शन (पचवता येईल त्याहून जास्त मुलूख घेतल्याचा ताण) १०८% दाखवतंय. कर्जं सात. अॅडमिन (कारभाराचे) पॉइंट हातात ४०, महिन्याला ५ येतात. मनपॉवर (भरतीला मिळणारी माणसं) जवळपास संपलंय. दोन ठिकाणी बंडखोर उभे राहायच्या बेतात आहेत, आणि गुजरात व माळवा माझ्याविरुद्ध कोएलिशनमध्ये (आघाडीत) गेलेत.

प्रश्न: (१) हा गेम वाचेल का, की नव्याने सुरू करू? (२) लढाई जिंकूनही पैसा आणि माणसं कुठे जातात? (३) आमच्याकडे दुपारी लाइट जाते, आयर्नमॅनवर (एकाच सेव्हवर चालणाऱ्या मोडवर) खेळावं का?

---

तहनामा

वाचेल. पण आधी स्पेस दाबून गेम थांबवा आणि आकडे मांडा, म्हणजे चूक कुठे झाली ते दिसेल.

प्रांत जिंकला की तो तुमचा होत नाही, तो 'कोअर' (पक्का आपला) करावा लागतो. त्याचा मूळ दर एका डेव्हलपमेंटला १० अॅडमिन पॉइंट. प्रांत स्टेटमध्ये (पूर्ण कारभाराखाली) न घेता टेरिटरी (सैल ताब्यातला मुलूख) म्हणून ठेवला तर निम्मे. म्हणजे तुमच्या १०८ ला पूर्ण कोअरसाठी १०८०, टेरिटरीसाठी ५४०. हातात ४० आहेत, उरले ५००. महिन्याला ५ प्रमाणे १०० महिने, म्हणजे सव्वाआठ वर्षं नुसती पॉइंट जमवण्यात जाणार. शिवाय पॉइंट भरल्यावर कोअर व्हायला साधारण तीन वर्षं लागतात, आणि ओव्हरएक्स्टेन्शन उतरतं ते कोअर पूर्ण झाल्यावरच.

याच अॅडमिन पॉइंटांतून टेकही (तंत्रज्ञानाची पुढची पातळी) घ्यायची असते, तिचा मूळ दर ६००. साठ डेव्हलपमेंटचा मुलूख पूर्ण कोअर केला की एक टेक खाल्ली असं समजा. नवा खेळाडू नकाशावरचा रंग पाहून खूश होतो आणि वीस वर्षांनी त्याचं सैन्य शेजाऱ्यापेक्षा मागासलेलं निघतं, ते यामुळेच.

महिन्याचे पॉइंट ठरतात असे: पायाभूत ३, अधिक राजाची कुवत (० ते ६), अधिक सल्लागाराची पातळी. तुमचे ५ आहेत म्हणजे सुलतान त्या खात्यात यथातथाच आहे. इस्टेट्सच्या (राज्यातल्या वजनदार वर्गांच्या) पानावर जा. तिथे महिन्याला एकेक पॉइंट देणारे विशेषाधिकार असतात. अॅडमिन, डिप (राजनय) आणि मिल (लष्कर) तिन्हींचे घ्या. हे खरं तर १४४४ च्या पहिल्या दिवशी, पॉज काढण्याआधीच घ्यायचे. पुढे अॅब्सोल्युटिझमच्या (राजाच्या निरंकुश सत्तेच्या) काळात ते अडचणीचे होतात, पण ती शंभर-दीडशे वर्षांनंतरची गोष्ट.

---

पंचवटीचा_खलाशी

तहनामांनी हिशोब दिला, मी क्रम सांगतो.

पहिलं काम ओव्हरएक्स्टेन्शन १०० च्या खाली आणणं. शंभरच्या वर गेलं की वाईट इव्हेंटची रांग लागते. कधी स्टॅबिलिटी (राज्याची स्थिरता) पडते, कधी बंड, कधी नको तिथे खर्च. ९९ असेल तर त्रास होतो, पण ती रांग लागत नाही. सब्जेक्टच्या टॅबमध्ये मांडलिक म्हणून मोकळं करता येतील अशी राज्यं दिसतात. त्या राज्याचा कोअर तुमच्या ताब्यातल्या प्रांतावर असला पाहिजे. विजयनगरकडून घेतलेल्या मुलखात असं एखादं नाव असेल तर बेधडक मोकळं करा. तिथली अशांतता त्याची डोकेदुखी होते आणि सैन्य मात्र तुमच्या बाजूने लढतं. दहा वर्षांनी, त्याचं तुमच्याविषयीचं मत १९० झालं की, डिप्लोमॅटिक पॉइंट देऊन पोटात घ्या. अॅडमिन वाचले, डिप खर्च झाले. बहमनींकडे डिप बहुतेक नुसते साठूनच राहिलेले असतात.

दुसरं, बंडखोर. नव्या प्रांतात सेपरेटिझम (फुटून जायची ओढ) असतं. ते तीस वर्षं हळूहळू उतरतं. त्यावर तुमचा सुलतान सुन्नी आणि प्रजा हिंदू, म्हणजे परधर्मीयांची सहिष्णुता उणे, त्याची अशांतता वेगळी. प्रांतावर क्लिक करून ऑटॉनॉमी (स्वायत्तता) वाढवा. २५% ऑटॉनॉमीला अशांतता १० ने खाली येते. कर कमी मिळेल, पण आज तो प्रांत तसाही काही देत नाहीये. बंडखोरांची पट्टी ८०-९० टक्क्यांवर असेल तर सैन्य त्याच प्रांतात आधीच नेऊन उभं करा. डोंगरात ते उभे राहिले आणि तुम्ही खालून चढलात तर लढाईच्या फाशावर उणे दोन.

तिसरं कोएलिशन. खानदेशचे ते दोन प्रांत महागात पडलेत. अॅग्रेसिव्ह एक्स्पान्शनचा (आक्रमक विस्ताराचा) राग सर्वांत जास्त येतो तो जवळच्या आणि त्याच धर्माच्या राज्यांना. विजयनगरचे सहा घेतले त्याचं गुजरातला फारसं नव्हतं, खानदेशला हात लावल्यावर भडकले. एखाद्या राज्याच्या मनात हा आकडा ५० च्या वर गेला की ते कोएलिशनला पात्र होतं, आणि उतरतो वर्षाला दोनच्या आसपास. एक डिप्लोमॅट गुजरातला, एक माळव्याला, दोघांनाही 'इम्प्रूव्ह रिलेशन्स' वर बसवा आणि पाच-सात वर्षं विसरून जा. या काळात कोणावरही युद्ध नको.

---

रामशेज१६८२

प्रश्न क्र. २ चं उत्तर: माणसं लढाईत कमी आणि वेढ्यात जास्त जातात. प्रत्येक प्रांताला एक सप्लाय लिमिट असते. तिच्यापेक्षा जास्त सैन्य उभं केलंत की दर महिन्याला अॅट्रिशन (लढाईविना होणारी माणसांची गळती) लागतं. पंचवीस हजारांची फौज एकाच किल्ल्यापाशी दोन वर्षं बसवली तर शत्रूला काही करावंच लागत नाही. भारतात त्यावर पावसाळ्याचं अॅट्रिशनही आहे.

आपल्या पेठ रोडवरच्या रामशेजचं उदाहरण घ्या. १६८२ मध्ये मोगलांनी वेढा घातला, किल्ला वर्षानुवर्षं हातात आला नाही, आणि खालच्या प्रचंड फौजेला रोज खायला मात्र घालावं लागलं. गेममध्ये नेमकं तेच गणित आहे.

म्हणून वेढ्याला लागेल तेवढंच सैन्य ठेवायचं: किल्ल्याच्या प्रत्येक पातळीला तीन रेजिमेंट, म्हणजे तीन हजार माणूस. पातळी २ चा किल्ला असेल तर सहा हजार, वर एक-दोन हजार गळतीसाठी. उरलेली फौज शेजारच्या प्रांतात, शत्रू सोडवायला आला तर पोचेल इतक्या अंतरावर. तोफा मिल टेक ७ ला मिळतात. त्याआधी पातळी ३ च्या किल्ल्यांवर डोकं आपटू नका.

आणि चाल करताना प्रांताचा भूभाग बघत जा. हल्ला करणाऱ्याला टेकड्या, जंगल, दलदल असेल तर उणे एक, डोंगर असेल तर उणे दोन, वाटेत नदी ओलांडली तर आणखी उणे एक. फासा शून्य ते नऊ एवढाच असतो, त्यातले तीन गेले तर काय उरलं? साल्हेर-मुल्हेरकडचा मुलूख डोळ्यासमोर आणा, तिथे तुम्ही वर असायला हवं आणि शत्रूने चढायला हवं.

---

तहनामा

पैशाचं राहिलं होतं. कर्जाचा मूळ व्याजदर वर्षाला ४%, आणि प्रत्येक कर्ज थोडी महागाईही वाढवतं. बँकरप्सी घेऊ नका, कर्जं पुसली जातात पण पॉइंटांचं आणि सैन्याचं वाटोळं होतं.

तीन गळत्या बघा. एक, फोर्स लिमिटच्या (राज्याला पोसता येईल त्या सैन्याच्या मर्यादेच्या) वर किती रेजिमेंट आहेत? वरच्या प्रत्येकाचा पगार अव्वाच्या सव्वा लागतो. भाडोत्री सैन्य असेल तर आजच मोडा. दोन, आतल्या, सीमेपासून लांबच्या किल्ल्यांना मॉथबॉल (खर्च वाचवायला तात्पुरते बंद) करा. तीन, सल्लागार. पहिल्या पातळीचा महिन्याला १ डकॅट (गेममधलं चलन) घेतो, दुसऱ्याचे ४, तिसऱ्याचे ९. तिसऱ्या पातळीचा मिल सल्लागार ठेवला असेल तर कर्जाचं कारण तोच.

शांततेत आर्मी मेंटेनन्सचा स्लायडर खाली ओढतात, ते बरोबर. पण युद्ध पुकारण्याआधी चार-सहा महिने तो वर न्यायला विसरतात. मोराल (सैन्याचा धीर) महिन्या-महिन्याने भरतं. अर्ध्या मोरालची वीस हजारांची फौज दहा हजारांसमोर पळते आणि मग लोक गेमला शिव्या घालतात. तुमच्याकडे बंड यायचंय, तोपर्यंत स्लायडरला हात लावू नका.

---

गोदाकाठी_गनिम

माझं मत जरा वेगळं. शिकण्यासाठी बहमनी अवघडच. चहूबाजूंनी शेजारी, प्रजा वेगळ्या धर्माची. हा गेम शिकण्यापुरता ठेवा आणि दुसरा पोर्तुगालने सुरू करा, युरोपात जमिनीवर फक्त कॅस्टिल, त्याच्याशी दोस्ती ठेवली की बाकी समुद्र. युद्धच शिकायचं असेल तर ऑटोमन. दख्खन सोडायचं नसेल तर विजयनगर, प्रजा बहुतांशी स्वधर्माची असल्याने निम्मी बंडं कमी.

आयर्नमॅन आत्ता नको. त्यात जुन्या सेव्हवर मागे जाता येत नाही, आणि शिकताना मागे जाऊन 'असं केलं असतं तर' बघणं हीच खरी शाळा. आयर्नमॅन नसेल तर अचिव्हमेंट्स मिळत नाहीत एवढंच. ऑटोसेव्ह दर महिन्यावर नको, गेम अडखळतो. सहा महिने ठीक. लाइटचं म्हणाल तर लॅपटॉपची बॅटरी धड असली की झालं. डेस्कटॉप असेल तर यूपीएसला पर्याय नाही, सेव्ह लिहिली जात असतानाच वीज गेली तर फाइल खराब होते.

डीएलसी (गेमचे जादा भाग) एकदम विकत घेऊ नका. महिन्याची वर्गणी असते, एक महिना घेऊन बघा.

---

पंचवटीचा_खलाशी

@गोदाकाठी_गनिम, विजयनगरबद्दल मान्य. पण बुडतं राज्य सावरण्यातून जेवढं कळतं तेवढं पोर्तुगालच्या निवांत पन्नास वर्षांत कळत नाही. त्यांनी हाच गेम चालू ठेवावा.

---

सिडकोचा_सुलतान

केलं. एक मांडलिक मोकळं केलं, त्यात तीन प्रांत, डेव्हलपमेंट ३८ गेलं. ओव्हरएक्स्टेन्शन ७०% वर आलं. अॅडमिनचा विशेषाधिकार घेतला, आता महिन्याला ६. सल्लागार खरंच तिसऱ्या पातळीचा होता, काढला. आता ७० डेव्हलपमेंट सगळं टेरिटरी कोअर करू की काही स्टेटमध्ये घेऊ?

---

तहनामा

सगळं टेरिटरी. ३५० लागतील, ४० आहेत, महिन्याला ६ म्हणजे सव्वाचार वर्षं. पॉइंट एकदम साठवत बसू नका, सर्वांत जास्त डेव्हलपमेंटचा प्रांत आधी, पॉइंट पुरले की लगेच कोअर लावा, म्हणजे तीन वर्षांचं घड्याळ सुरू होतं. स्टेटमध्ये नंतर केव्हाही घेता येतं, उरलेले निम्मे पॉइंट तेव्हा भरा. आणि विजयनगरशी झालेला तह कधी संपतो ती तारीख लिहून ठेवा. तो संपायच्या दोन वर्षं आधी डिप्लोमॅट गुजरातवरून काढून तिकडे स्पाय नेटवर्कला लावा. २० झालं की एक क्लेम (प्रांतावरचा दावा). क्लेम नसलेला प्रांत मागितला तर डिप पॉइंट जातात, आणि कारणाशिवाय युद्ध पुकारलं तर स्टॅबिलिटी दोनने पडते. पुढच्या तहात तीनपेक्षा जास्त प्रांत घेऊ नका.