एकगठ्ठा म्हणे! (सोलापूरच्या एका सोसायटीच्या ग्रुपवर)

बी-204: काका, सकाळचा तुमचा फॉरवर्ड, "गे-लेस्बियन मतं एकगठ्ठा अमक्या पक्षाला". हे मोजलं कुणी? मतदार नोंदणीच्या फॉर्म 6 मध्ये लिंगाच्या रकान्यात पुरुष, स्त्री, तृतीयलिंगी एवढंच असतं. गे माणूस यादीत पुरुष म्हणूनच असतो.

ए-302: बूथनिहाय आकडे निघतात की.

बी-204: निघतात, फॉर्म 20 मध्ये. पण त्यात कुठल्या बूथवर कुणाला किती मतं, एवढंच. पद्मशाली, लिंगायत, मुस्लिम मतांचा अंदाज लोक बांधतात, कारण वस्त्या ठराविक भागात आहेत. यांची काय वेगळी पेठ आहे का? विडी घरकुलातही असतील, होटगी रोडच्या बंगल्यातही.

सी-101: अमेरिकेत एक्झिट पोलमध्ये विचारतात म्हणे.

बी-204: विचारतात, काकू. 2020 ला बायडन 64 टक्के, ट्रम्प 27. 2024 ला हॅरिस 86, ट्रम्प 12-13. ओळख तीच, मग आकडा एवढा कसा उडाला? मतदारांत शंभरातले सात-आठच स्वतःला तसं सांगतात, म्हणजे नमुना बारीक. हजार जणांच्या पोलमध्ये तीन टक्के इकडेतिकडे होतात, शंभर जणांच्या पोलमध्ये दहा टक्के. शिवाय त्या प्रश्नावर खूण करतो तो बहुतेक उघडपणे जगणारा. घरी लपवून राहणारा सांगेलच कशाला? कल एका बाजूला आहे, ते खरंच. पण 2020 ला चौथा हिस्सा दुसरीकडे गेलाच ना?

ए-302: अहो पण स्वतःच्या हिताविरुद्ध मत कोण देईल?

डी-403: हित एकच असतं होय? यंत्रमाग चालवणाऱ्याला सुताचा भाव आणि वीजबिल आधी दिसतं. जर्मनीत एएफडी या कट्टर उजव्या पक्षाच्या नेत्या ॲलिस वायडेल बाईबरोबर संसार करतात. ब्रिटनमध्ये समलिंगी विवाहाचा कायदा 2013 ला उजव्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे पंतप्रधान कॅमेरून यांनी आणला, आणि संसदेत विधेयकाच्या दुसऱ्या वाचनाच्या मतदानात त्यांच्याच पक्षाचे जास्त खासदार विरोधात गेले. आता यात पक्ष बघून मत द्यायचं तर कसं?

सी-101: आणि आपल्याकडे?

डी-403: आपल्याकडे तर अजूनच गुंता. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत हा 2018 चा कलम 377 चा निकाल सुप्रीम कोर्टाचा, कुठल्या पक्षाचा नाही. 2023 ला केंद्राने कोर्टात समलिंगी लग्नाला विरोध केला, कोर्टानेही मान्यता दिली नाही. पण ऑगस्ट 2024 मध्ये त्याच केंद्राने कळवलं की अशा जोडप्याला रेशनकार्डासाठी एकच कुटुंब धरा, बँकेत जॉइंट खातं आणि नॉमिनीही चालेल. काँग्रेसने 2024 च्या जाहीरनाम्यात सल्लामसलत करून सिव्हिल युनियनचा, म्हणजे लग्न न म्हणता जोडप्याला कायदेशीर मान्यता देणारा, कायदा आणू म्हटलं. भाजपच्या जाहीरनाम्यात तृतीयपंथीयांसाठी गरिमा गृह, म्हणजे निवारा, आणि आयुष्मान योजना, पण ती वेगळी मंडळी. गे-लेस्बियन आणि तृतीयपंथी एकाच पोत्यात भरले की सगळाच हिशोब चुकतो.

सेक्रेटरी: यावरून एक सांगतो. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. बँकेतही नाही, आपल्या सोसायटीतही नाही. नॉमिनीला आपण तात्पुरतं सभासद करून घेतो, मालकी वारसाहक्काने ठरते. लग्नाला मान्यता नाही म्हणजे जोडीदार वारसांत येत नाही, त्यामुळे फ्लॅट त्याच्या नावे जायला मृत्युपत्रच लागतं.

ए-302: त्याला नोंदणी लागते का?

सेक्रेटरी: सक्तीची नाही, पण केलेली बरी. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच, आणि ज्याला काही मिळणार आहे त्यालाच साक्षीदार करू नका.