मदत हवी आहे: तबला एकलवादनात पढंत (बोल तोंडाने म्हणणं) सपाट होते, चक्रदाराला दम पुरत नाही

लयवेडा:
तीनताल (१६ मात्रा), ४० मिनिटं, साथीला हार्मोनियमवर लहरा (तालाचं आवर्तन दाखवत फिरणारी सुरावट). पेशकार, कायदे, रेले हे विस्ताराचे भाग बसलेत. गत-तुकडे (बांधीव रचना) आधी म्हणून मग वाजवायचेत, लय मिनिटाला १२० मात्रा. पण सगळे बोल एकाच आवाजात जातात, फर्माईशी चक्रदाराच्या (तिहाईसकट अख्खी रचना तीनदा) तिसऱ्या पल्ल्यात, म्हणजे तिसऱ्या फेरीत, श्वास संपतो आणि माइकवर ‘धा’, ‘घे’ फुटतात. पढंतीत नाट्य हवंय, नाटकीपणा नको.

खुला बाज:
बोल तबल्यावर निघतो तसाच तोंडातून निघू द्या. ‘धा’, ‘घे’ छातीतून, किंचित लांबवून, कारण डग्ग्याला आस (मागे रेंगाळणारा नाद) असते. ‘ना’ वरच्या आवाजात, टोकदार. ‘कत्’, ‘तिट’ मात्र कोरडे. ते लांबवले की बोल खोटा वाटतो.

आता ‘तिटकत गदिगन धा’ या ३ मात्रांच्या बोलाची तिहाई (तोच बोल तीनदा) घ्या. खालीवरून, म्हणजे ९व्या मात्रेवरून उचलली की धा येतात ११, १४ आणि समेवर (पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर). बहुतेक जण तिन्ही वेळा आवाज चढवत नेतात, मग समेसाठी काही उरतच नाही. त्यापेक्षा पहिला धा मोकळा, दुसरा हलका, तिसरं ‘तिटकत गदिगन’ जवळजवळ कुजबुजत, आणि सम भरून. ऐकणारा आपसूक पुढे झुकतो.

ताल दाखवणारा हात बोलांच्या जोराबरोबर उडू देऊ नका. टाळी १, ५, १३ वर, खाली ९ वर, हात शांत. हात डगमगला की लहरेवालाही डगमगतो.

लयवेडा:
आणि फर्माईशी? पल्ला २७ मात्रांचा आहे, धा १७, २२, २७ वर.

खुला बाज:
म्हणजे पहिल्या पल्ल्याचा पहिला, दुसऱ्याचा दुसरा, तिसऱ्याचा तिसरा धा समेवर. नवातले हे तीनच वजनदार म्हणा, बाकी सहा हलके. रचनेची गंमत तेव्हाच श्रोत्याला कळते, आणि दमही वाचतो. १२० च्या लयीत पल्ला साडेतेरा सेकंदांचा, तेवढा एका श्वासात निभतो. पहिल्या दोन पल्ल्यांचा शेवटचा ‘धा’ आखूड तोडा. उरलेल्या पाव सेकंदात तोंडाने, आवाज न करता श्वास घ्या. सरावाला ८० च्या लयीत म्हणू नका, तिथे पल्ला वीस सेकंदांवर जातो आणि श्वासाच्या जागा चुकीच्या बसतात.

ध्वनिखोली:
पढंतीला वेगळा डायनॅमिक माइक, तोंडापासून चार बोटं, समोर न धरता हनुवटीच्या बाजूने तिरका. ‘ध’, ‘घ’चा वारा मग थेट आदळत नाही. त्या चॅनेलवर १०० हर्ट्झखालचं कापा. डग्ग्याच्या माइकवर हे करू नका, डग्ग्याचा घुमारा जाईल. वाजवायला लागताच पढंतीचा माइक बंद, नाहीतर चाटेचा (तबल्याच्या कडेचा) आवाज दोन माइकमधून येऊन पोकळ होतो.

खुला बाज:
एक राहिलं. प्रत्येक तुकडा म्हणून दाखवू नका. गत-तुकड्यांपासून पुढे चार-पाच रचना पुरेत, त्यातही गुंतागुंतीच्याच.