रॅम वाढवल्यापासून चेकसम चुकतोय, डीएमए मास्कचा घोळ काय?

उद्यमबागकर
बेळगावात उद्यमबागेत आमच्या हायड्रॉलिक पंपांच्या टेस्ट बेंचला लिनक्स पीसी हाय. त्यात जुनं स्टोरेज कार्ड. ड्रायव्हर कर्नलमधला नव्हे, कार्डासोबत आलेला सोर्स. २ जीबी रॅमवर गपगुमान चाललं होतं की ओ. मालकांनी १६ जीबी टाकली नि तेव्हापासून मोठी फाइल कॉपी केली की चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) वेगळा येतोय. लहान फाइल बरोबर. कर्नल लॉगमध्ये एक ओळ नाही, मेमटेस्ट स्वच्छ. आणि गंमत बघा, हेच कार्ड घरच्या १६ जीबीच्या पीसीत चोख चालतंय! ड्रायव्हरच्या प्रोबमध्ये, म्हणजे कार्ड सुरू करणाऱ्या फंक्शनमध्ये, डीएमए (कार्डानं स्वतःच थेट रॅममध्ये लिहिणं-वाचणं) मास्क ६४ बिटचा दिलाय. कुठं शोधू?

निपाणीवाला
आधी कर्नल ओळीत मेम=३जी घालून बूट कर, म्हणजे कर्नल ३ जीबीच रॅम वापरेल. चेकसम जुळला तर रॅमला दोष देऊ नकोस. घरच्या पीसीत व्हीटी-डी (इंटेलचा आयओएमयू, म्हणजे कार्ड आणि रॅम यांच्यामध्ये पत्ते बदलून देणारा भाग) चालू आहे का?

उद्यमबागकर
जुळला! घरी चालू हाय, बेंचच्या बायोसमध्ये बंद.

खानापूर_कर्नल
मग उत्तर तिथंच आहे. आयओएमयू चालू असला की कर्नल पीसीआय कार्डाला बहुतेक वेळा ४ जीबीखालचाच पत्ता आधी देतो, त्यामुळे चूक झाकली जाते. ड्रायव्हरनं सरळ फिजिकल पत्ता लिहिला असता तर घरी फॉल्टच आला असता. म्हणजे मॅपिंग (कार्डासाठीचा पत्ता कर्नलकडून घेणं) ठीक, मास्क खोटा.

डिस्क्रिप्टरचा, म्हणजे डेटा कुठल्या पत्त्यावर आहे हे कार्डाला सांगणाऱ्या नोंदीचा, स्ट्रक्ट बघा. पत्त्याला ३२ बिटांचंच घर असेल, त्यात ४ जीबीपर्यंतचाच पत्ता मावतो, आणि कोड मोठा पत्ता (यू३२) कास्ट करून, म्हणजे ३२ बिटांत कापून, कोंबत असेल. ०x१२०००००० हा पत्ता ४ जीबीखालचा, तो जसाच्या तसा जातो. ०x१२००००००० मधला वरचा १ मात्र गळतो, उरतो ०x२०००००००, आणि कार्ड भलत्याच्या मेमरीत लिहून येतं. कास्ट असल्यामुळे कंपायलरही गप्प. असल्या मशीनवर चालू डेटा ठेवू नका, फाइलच नव्हे, दुसरं काहीही बिघडू शकतं.

मास्क म्हणजे कार्डाला किती बिटांचा पत्ता कळतो ते कर्नलला सांगणं. पीसी ६४ बिटचा आहे याचा इथं संबंध नाही. कर्नलच्या एएचसीआय (साटा डिस्कचा) ड्रायव्हरमध्येसुद्धा काही चिपांसाठी ३२ आणि ४३ बिटांचे वेगळे फ्लॅग ठेवावे लागलेत.

उद्यमबागकर
कास्ट सापडला! डीएमए_सेट_मास्क_अँड_कोहेरंट ला ३२ दिलं, ढीगभर कॉपी केल्या, सगळ्या जुळल्या. पण वेग थोडा उतरला ओ.

निपाणीवाला
उतरणारच. ४ जीबीवरचा बफर आता स्विओटीएलबीमधून, म्हणजे कर्नलनं खालच्या रॅममध्ये राखलेल्या साठ्यातून, कॉपी होऊन जातो. तो साठा मुळात ६४ एमबीचा. लॉगमध्ये 'बफर फुल' दिसलं तर वाढव. त्यापेक्षा व्हीटी-डी चालू कर, कॉपी वाचेल. मास्क मात्र ३२च राहू दे.

उद्यमबागकर
बायोसला पासवर्ड हाय, तो मालकांच्या भाच्याकडं. उद्या धरतो त्याला.