एकही गाणं स्किप न करावंसं वाटणारा अल्बम कुठला?

असा अल्बम सांगा जो लावला की शेवटपर्यंत हात स्किपकडे जातच नाही. माझा पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३), सुरुवातीला हृदयाचे ठोके, शेवटीही तेच, आणि मधली गाणी एकमेकांत अशी मिसळलीयेत की शफलवर लावलं की सगळी मजाच जाते.

> जॅझवाल्या माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू', १९५९. पाचच ट्रॅक, दोनच सेशनमध्ये रेकॉर्ड झालेले. कुठेच घाई नाही, रात्री दिवे घालवून ऐका राव!

> बीटल्सच्या 'अ‍ॅबी रोड'ची दुसरी बाजू कडकच, पण पहिल्या बाजूवरचं 'मॅक्सवेल्स सिल्व्हर हॅमर' हे गाणं मी अजूनही पुढे ढकलतो, त्यामुळे परफेक्ट नाही म्हणणार.

> मॅक्सवेल पण आवडतं मला, खरंच!