जुहूला सूर्योदय टिपायला गेले आणि सूर्य पाठीमागून उगवला

वैदर्भीय_पोर:
हसायचं नाही. मी नागपूरची, मुंबईत येऊन चार महिने झालेत. आमच्याकडे समुद्र भिंतीवरच्या कन्याकुमारीच्या कॅलेंडरात असतो, आणि त्यात सूर्य पाण्यातूनच वर येतो. काल अंधेरीहून पहाटे साडेपाचला रिक्षा करून जुहूला पोचले, ट्रायपॉड वाळूत रोवला, कॅमेरा समुद्राकडे लावला आणि बसले वाट बघत. सात वाजून गेले तरी समोर काहीच नाही. शेजारी कुत्र्याला फिरवणारे एक आजोबा म्हणाले, "बेटा, मागे बघ." बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीमागून महाराज वर येत होते!

त्यात पहिले वीसेक फोटो धुरकट आलेत. लेन्स पुसली की परत तेच. लेन्स खराब झाली का? आणि मुंबईत समुद्रावर सूर्योदय दिसतो तरी कुठे?

धक्क्यावरचा:
ताई, जुहू पश्चिमेला. तिथे सूर्य बुडतो. उगवताना बघायचा तर बंदराच्या बाजूला या. गेटवेसमोर पाणी पूर्वेला आहे. सध्या थंडीत सूर्य उजवीकडे उरणच्या अंगाला निघतो, मे अखेरीस डावीकडे सरकत घारापुरीमागे जातो. कॅलेंडरावर सव्वासात लिहिलं असलं तरी धुरक्यामुळे गोळा दहा-पंधरा मिनिटं उशिराच दिसतो. पण तुम्ही पावणेसातलाच हजर राहा, रंग आधी येतो.

भरती बघून जा. आमच्यात साधा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास, सकाळी नि संध्याकाळीही. पौर्णिमा-अमावास्येला सकाळी ओहोटी लागते, मग फोटोत शेवाळलेल्या पायऱ्या. अष्टमीला भांग, म्हणजे लहान भरती असते, पाणी उधाणासारखं चढत नाही, पण पायऱ्या झाकायला पुरतं.

फ्लेमिंगो हवे असतील तर शिवडी जेट्टी. तिथे द्वादशीच्या आसपास जा. भरती नऊला, म्हणजे सातला पाणी चढत असतं आणि पक्षी चिखलावरून काठाकडे सरकतात. थंडीत अटल सेतूही त्याच दिशेला येतो.

फिल्मचा_जमाना:
लेन्स ठणठणीत आहे. रात्री खोलीत एसी लावला होता ना? थंड काच दमट हवेत आली की तिच्यावर दव धरतं, सरबताच्या ग्लासावर धरतं तसंच. पुसून उपयोग नाही, उलट बुरशीला आमंत्रण. निघायच्या आधी तासभर कॅमेरा बॅगेसकट बाल्कनीत ठेवा, चेन बंदच.

आणि जुहूचा फेरा वाया गेला असं मी म्हणणार नाही. सूर्य वर यायच्या जरा आधी पश्चिमेला, पाण्याला टेकलेला करडा-निळा पट्टा आणि त्यावर गुलाबी पट्टा दिसला असेल. तो करडा पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली. काढलात का त्याचा फोटो?

वैदर्भीय_पोर:
अय्यो! आत्ता कार्ड परत बघितलं. धुरकट वीसमधल्या चारात तो पट्टा आहे, आणि मला वाटलं व्हाइट बॅलन्स बिघडला.

कॅमेरा बाल्कनीत ठेवला की कबुतरं आहेत, पण बघते काहीतरी. पंचांग उघडलंय. पुढची अष्टमी बुधवारी, आणि बुधवारी माझी साडेनवाची मीटिंग असते. गेटवेहून अंधेरीला पोचेन का वेळेत?

धक्क्यावरचा:
पावणेआठला निघालात तर आरामात. चर्चगेटहून उलट्या दिशेची गाडी, बसायला जागाही मिळेल.