७४९ जणांची सभा आणि दारात युद्ध, रोजचा कारभार चालायचा कसा?

नाशिकरोडची_मावशी:
नमस्कार मंडळी. लेक एमए हिस्ट्री करतेय, तिच्या नोट्स टाईप करून देता देता मीच अडकलेय. फ्रान्सची नॅशनल कन्व्हेन्शन, म्हणजे क्रांतीच्या काळात देश चालवणारी निवडून आलेली सभा, १७९२ ते ९५. राजाला काढलं, गिलोटिन, रोबेस्पिएर हे आपण शाळेत घोकलंय, ते नकोय मला. माझा प्रश्न असा की त्याच वेळी ऑस्ट्रिया, प्रशिया, इंग्लंड, स्पेन सगळ्यांशी एकदम लढाई, घरात पश्चिमेकडच्या व्हॉंदे भागात बंड, आणि हे सगळं सांभाळतंय कोण तर निवडून आलेले ७४९ लोक, त्यात वकीलच वकील. आमची २४ फ्लॅटची सोसायटी, टाकीच्या वॉटरप्रूफिंगचा ठराव तीन मीटिंगा झाल्या तरी पुढच्या मीटिंगवर! मग ही माणसं सकाळी येऊन नेमकं करायची काय, भाषणं सोडून?

तोफखाना_रिटायर्ड:
ताई, भाषणं सोडून म्हणाल तर टपाल वाचायचे. खरंच सांगतो. सकाळची बैठक सुरू झाली की आधी पत्रं, कुठल्या आघाडीवरून काय आलंय, कुठल्या गावाने काय कळवलंय, मग शिष्टमंडळं दारात उभी, कोणी तक्रार घेऊन कोणी सैन्यासाठी चांदीची बकलं दान द्यायला, आणि त्यातच मधे कायदे. संध्याकाळीही बैठका व्हायच्या. अध्यक्ष दर पंधरा दिवसांनी बदलायचा. वर गॅलरीत पब्लिक बसलेलं, ते ओरडणार, टाळ्या पिटणार. गोंधळ अगदीच हाताबाहेर गेला की अध्यक्ष डोक्यावर टोपी घालायचा, म्हणजे आता गप्प बसा नाहीतर बैठक थांबली. मे १७९३ पर्यंत हे सगळं घोड्यांच्या रिंगणशाळेत चाललं होतं, नंतर तुइलेरी राजवाड्यात गेले.

पण युद्ध काही ७४९ जणांनी चालवलं नाही, ते चालवलं कमिट्यांनी. एप्रिल ९३ मध्ये दुमुरिए नावाचा त्यांचाच सेनापती ऑस्ट्रियाला जाऊन मिळाला, त्याच दिवसांत सार्वजनिक सुरक्षा समिती नेमली, आधी ९ जण, पुढे १२. मुदत एक महिना! दर महिन्याला कन्व्हेन्शनने परत मंजुरी द्यायची. त्यात कार्नो म्हणून एक होता, मूळचा लष्करी इंजिनियर, त्याच्याकडे सैन्य, लँदेकडे धान्य आणि पुरवठा, कोत-दोरच्या प्रिअरकडे शस्त्रं आणि दारूगोळा. आमच्या देवळालीत पोरांना तोफ शिकवताना मी हेच सांगायचो की तोफ डागणं पाच मिनिटांचं काम, गोळा तिथपर्यंत पोचवणं हे महिन्याभराचं.

आणि तिसरी गोष्ट, सभासदांनाच आघाडीवर पाठवायचे, प्रतिनिधी म्हणून, सेनापतीच्या डोक्यावर. सां-ज्युस्त, वय २६, स्ट्रासबर्गला गेला आणि बघतो तर सैनिक अनवाणी. त्याने पॅरिसला पत्र लिहून बजेट मागितलं नाही, तिथल्या नगरपालिकेला हुकूम काढला, शहरातल्या सगळ्या उमरावांचे जोडे काढून घ्या, १०,००० जोड उद्या सकाळी १० पर्यंत निघाले पाहिजेत.

करन्सीवाला:
काका मस्त लिहिलंत, पण पैसा? मी नोट प्रेसमध्ये ३१ वर्षं काढली, म्हणून मला तिथेच खुपतं. यांचं निम्मं युद्ध छापखान्यावर चाललं. चर्चच्या जमिनी जप्त करून त्यांच्या तारणावर असिन्या नावाच्या नोटा काढल्या होत्या, कन्व्हेन्शनला खर्च पुरेना तसतशा छापत सुटले. ऑगस्ट ९३ मध्ये शंभराच्या नोटेची किंमत पंचवीसच्याही खाली गेलेली. वरून इंग्रज खोट्या नोटा छापून आत सोडतायत, आम्हाला ट्रेनिंगमध्ये हे असलं काही सांगितलं असतं तर लक्ष देऊन ऐकलं असतं. मग सप्टेंबरात कमाल भावाचा कायदा आणला, ठरल्यापेक्षा जास्त भावाने विकलं की शिक्षा. त्या धाकाने नोट वर्षाअखेर जरा सावरली, ९४ च्या शेवटी कायदा उठला आणि परत घसरगुंडी. फेब्रुवारी १७९६ मध्ये भर चौकात नोटांचे ठसे आणि यंत्रं मोडून जाळली. हे वाचताना मला कसंतरीच झालं, एवढं सांगतो.

गोदाकाठ_७७:
सगळे नुसतं कौतुक करताय म्हणून लिहितोय. तुमचा तो ‘प्रतिनिधी’ प्रकार, बूट गोळा करायला छान दिसतो, पण नांत शहरात पाठवलेला कारिए हाही प्रतिनिधीच होता ना? त्याने कैद्यांना होड्यांत कोंबून लुआर नदीत बुडवलं, शेकड्यांनी नाही, हजारांनी. आणि व्हॉंदे पेटलंच मुळात कन्व्हेन्शनच्या ठरावाने, फेब्रुवारी ९३ मध्ये ३ लाख माणसं भरती करा म्हणाले, मार्चमध्ये शेतकरी उठले. पत्र पोचायला आठवडा लागतो, माणूस तिथे एकटा, हातात सगळे अधिकार, वर विचारणारं कोणी नाही. कारिएला परत बोलावलं, पण डोकं उडवलं डिसेंबर ९४ मध्ये.

तोफखाना_रिटायर्ड:
@गोदाकाठ बरोबर आहे, नाकारत नाही. आणि कार्नोसुद्धा पुढे म्हणाला की आम्ही एकमेकांच्या कागदांवर न वाचता सह्या करायचो, दिवसाला एवढे कागद यायचे. हा बचाव म्हणायचा की कबुली, तुम्हीच ठरवा. माझ्या नोकरीत मीही न वाचता सह्या केल्यात, फक्त त्या ब्लँकेटच्या इंडेंटवर, म्हणजे मागणीपत्रावर होत्या.

पत्राला आठवडा म्हणालात त्यावरून आठवलं, त्यावर उपायही याच लोकांनी काढला. शाप नावाच्या माणसाचा टेलिग्राफ, उंचावर लाकडी हात हलवायचे, पुढचा दुर्बिणीतून बघून तसेच हलवणार. पॅरिस ते लील, आपल्या नाशिक-पुण्यापेक्षा थोडंसं लांब. १७९४ च्या उन्हाळ्याच्या शेवटी काँदे हा किल्ला परत घेतल्याची बातमी कार्नोने भर सभेत वाचली, सभेने लगेच गावाचं नाव बदलून ‘नोर-लिब्र’ ठेवलं, तो निरोप त्याच टेलिग्राफने परत गेला आणि पोचल्याची पावती बैठक उठायच्या आत आली! महादजी शिंदे वानवडीला वारले ते त्याच वर्षी फेब्रुवारीत, आपल्याकडे तेव्हा जासूद आणि सांडणीस्वार.

नाशिकरोडची_मावशी:
बाप रे, एवढं कोणी सांगेल वाटलं नव्हतं. टोपीची आयडिया चेअरमनना सुचवते. फक्त एक, नोट्समध्ये लिहिलंय की लोकांना आपापली तळघरं खरवडायला लावली. हे काय?

जुनं_नाशिक:
मावशी, सोरा! बंदुकीच्या दारूत मुख्य तोच, आणि बाहेरून येणारा माल इंग्रजी आरमाराने अडवलेला. म्हणून डिसेंबर ९३ मध्ये फर्मान, प्रत्येकाने तळघराची माती धुवून सोरा काढा. पुढच्या फेब्रुवारीत प्रत्येक जिल्ह्यातून दोन-दोन माणसं पॅरिसला बोलावून क्रॅश कोर्स घेतला, सोरा कसा काढायचा, दारू कशी करायची, तोफ कशी ओतायची. आमच्या भद्रकालीच्या वाड्यात तळघराच्या भिंतीला पावसाळा सरला की पांढरा खार फुटायचा, आजी केरसुणीने झाडून सुपात भरायची आणि अंगणात फेकायची. लहानपणी मी एकदा चाखून बघितला होता, जिभेला गार लागतो.